डावा थ्रॉटल

रविवारी सकाळी दीप्तीचं विमान धावपट्टी सोडून उजवीकडच्या गवतात घुसलं आणि तिनं जिन्यातून खाली हाक मारली.

"पप्पा, जरा वर या की. डावा थ्रॉटल बघा. पूर्ण मागं ओढला तरी इंजिन जोर सोडत न्हाई."

धोंडीराम मेथी निवडत बसले होते. ती तशीच वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी मीटर आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि ते वर गेले.

विमान अर्थातच खरं नव्हतं. कळंब्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत संगणकावर चालणारा सिम्युलेटर होता. समोर तीन पडदे, बसायला भंगारातून आणलेली एका मोटारीची सीट, पायाशी दोन पेडल, आणि हाताशी एक लोखंडी पेटी. पेटीतून दोन दांडे वर आलेले. तेच थ्रॉटल. दांडा पुढे ढकलला की इंजिनाचा जोर वाढतो, मागे ओढला की उतरतो. विमान दोन इंजिनांचं, म्हणून दांडे दोन. संगणक आणि पडदे सोडले तर यातली प्रत्येक वस्तू धोंडीरामांनी स्वतः बनवली होती. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत एकतीस वर्षं मेंटेनन्स फिटर म्हणून काढल्यावर निवृत्तीनंतरचं पहिलं मोठं काम त्यांनी हेच केलं होतं, आणि त्याचा त्यांना मनातून अभिमान होता.

दीप्ती त्यांची एकुलती एक मुलगी. विमान चालवण्याचं लायसन मिळून तिला चार वर्षं झाली होती, नोकरी मात्र अजून नव्हती. सध्या ती एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायची आणि उरलेल्या वेळात हाताची सवय मोडू नये म्हणून वरच्या खोलीत बसायची. गेल्या वर्षी एका विमान कंपनीनं तिला दिल्लीला चाचणीसाठी बोलावलं होतं. तिथल्या मोठ्या सिम्युलेटरवर ती नापास झाली. बाहेर पडताना परीक्षकानं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सगळं चांगलं आहे. पण चाकं टेकायच्या वेळी तुम्ही कारण नसताना डावा पाय दाबता. विमान डावीकडे सरकतं. तुमच्या लक्षातही येत नाही."

त्या दिवसापासून डावा पाय हे घरातलं एक दुखणं झालं होतं. दीप्तीनं चप्पल काढून विमान उडवून बघितलं, पेडलवर खडबडीत कागद चिकटवून बघितला, सीट पुढेमागे केली. पाय मुद्दाम सैल सोडला की पडद्यावरचं विमान उजवीकडे नाक फिरवायचं. मग ती म्हणायची, "म्हणजे मला दोन्ही पाय समान धरताच येत न्हाईत." धोंडीराम मागे उभं राहून ऐकायचे. पायांचं त्यांना काही कळत नव्हतं. ते म्हणायचे, "जमंल. हाताला वळण पडतंय तसं पायालाबी पडतंय."

आता दुसऱ्या एका कंपनीचं बोलावणं आलं होतं. एकवीस दिवस उरले होते.

त्या रविवारी धोंडीरामांनी पेटीपाशी बसून डावा दांडा हळूहळू मागे ओढला. पडद्याच्या कोपऱ्यात दीप्तीनं एक छोटी चौकट उघडून ठेवली होती. दोन्ही दांडे कुठे आहेत ते तिच्यात आकड्यांत दिसायचं. पूर्ण पुढे म्हणजे शंभर, पूर्ण मागे म्हणजे शून्य. डावीकडे शून्य आलं. त्यांनी परत पुढे नेऊन परत ओढला. शून्यच.

"बरोबर हाय की," ते म्हणाले.

"आत्ता आलं. मगाशी नव्हतं आलं."

"तुझ्या हातनं पूर्ण मागं गेला नसंल."

दीप्तीनं तोंड पडद्याकडे फिरवलं. तिला ते लागलं हे धोंडीरामांना दिसलं, पण मीटर खोटं बोलत नसतं असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. तरीही त्यांनी काम टाळलं नाही. त्या दिवशी संगणकाची वायर बदलली. सोमवारी पेटीतल्या वायरींचे सोल्डरचे टाके परत मारले. मंगळवारी दीप्तीनं संगणकातली मापं पुसून दोन्ही दांड्यांची नव्यानं ओळख करून दिली. दर वेळी धोंडीराम दांडा ओढून बघायचे आणि शून्य यायचं. दर वेळी दीप्ती विमान उतरवायची आणि डावं इंजिन जोर धरून राहायचं. सारखं नाही, कधी जास्त, कधी कमी, कधी अजिबात नाही.

फौंड्रीत असताना धोंडीराम नव्या पोरांना एक गोष्ट शिकवायचे. मशीन बिघडलं की ते चालवणाऱ्याला उठवून स्वतः बसू नये. त्यालाच चालवायला सांगावं आणि बाजूला उभं राहून बघावं. हे आपण इथं तीन दिवस का केलं नाही, असं बुधवारी दुपारी दाढी करताना त्यांच्या मनात आलं. उत्तरही आलं. पेटी त्यांची होती. तिच्यात खोट असेल असं त्यांनी खऱ्या अर्थानं धरलंच नव्हतं.

दीप्ती क्लासवरून आल्यावर ते स्टूल घेऊन तिच्या शेजारी बसले.

"तू तुझं चालव. मी पडद्याकडं बघणार न्हाई. तुझा हात बघतो."

दीप्तीनं विमान खाली आणलं. धावपट्टी जवळ आली, नाक किंचित उचललं, आणि तिनं दोन्ही दांडे एका झटक्यात मागे ओढले. खट् असा आवाज झाला. धोंडीरामांनी मान वळवून चौकट बघितली. उजवा शून्य. डावा सहा.

"असंच ओढतीस व्हय नेहमी?"

"असंच ओढतात. त्या क्षणाला सावकाश ओढायला वेळ कुठं असतो?"

त्यांनी तिला विमान थांबवून नुसते दांडे ओढायला सांगितले. दहा वेळा सावकाश, दहा वेळा झटक्यात. सावकाश ओढला की शून्य. झटक्यात ओढला की पाच, सहा, एकदा तर आठ. धोंडीरामांनी आजवर तो दांडा ज्या हातानं ओढला होता, तो तपासणाऱ्याचा हात होता. विमान उतरवणाऱ्याचा हात वेगळा असतो, हे त्यांना त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

त्यांनी पेटीचा तळ उघडला, टेबलाखाली फरशीवर उताणे झोपले आणि बॅटरी लावली. "ओढ."

प्रत्येक दांड्याच्या मुळाशी एक पॉट बसवलेला होता. जुन्या रेडिओत आवाजाच्या बटणामागे असतो तसाच गोल भाग. दांडा हलला की पॉटची दांडी फिरते आणि ती किती फिरली हे संगणकाला कळतं. फिरायला हवी फक्त दांडी. पॉटचं अंग जागच्या जागी राहायला हवं. दीप्तीनं दांडा ओढला तसं डाव्या पॉटचं अंगही दांडीबरोबर थोडं वळलं. जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढं. पण तेवढं फिरणं वाया गेलं, आणि संगणकाला वाटलं दांडा अजून पुढेच आहे.

पॉटचं अंग फिरू नये म्हणून त्याला एक बारीक कान असतो, आणि पॉट ज्या पट्टीवर बसवलेला असतो तिच्यातल्या भोकात तो बसतो. उजव्या पॉटचा कान भोकात होता. डाव्याला कानच नव्हता. जिथं तो असायला हवा तिथं कानशीनं घासल्याची चकचकीत खूण होती.

खूण त्यांच्याच कानशीची होती. त्यांना सगळं आठवलं. दीड वर्षापूर्वी, दीप्तीच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी, डाव्या बाजूचं भोक मारताना तीन मिलिमीटरचं ड्रिल मोडलं. घरात दुसरं नव्हतं. सकाळी तिला तयार पेटी द्यायची होती. त्यांनी कान घासून टाकला, पॉट धरणारा नट दाबून आवळला आणि पुढच्या आठवड्यात नीट करू असं ठरवलं. पुढच्या आठवड्यात पेटी झकास चालत होती.

"काय दिसलं?" वरून दीप्तीनं विचारलं.

"नट सैल झालाय," ते म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण पूर्णही नव्हतं.

गुरुवारी ते मोटारसायकलवर शिरोलीला गेले. गुंडू त्यांचा फौंड्रीतला जुना सोबती. आता तिथंच गाळा घेऊन छोटी मशीनं चालवायचा. "जयभीम, धोंडीरामदादा," म्हणत त्यानं जुनी पट्टी हातात घेतली, उजेडात धरली आणि विचारलं, "एका बाजूला भोक हाय, एका बाजूला न्हाई. असं का?"

"घाई झालती."

"तुमाला?" गुंडू हसला. "मला एकदा असल्याच भोकापायी अख्खी शिफ्ट उभं केलंतं तुमी."

धोंडीरामांनी मान हलवली. गुंडूनं जाड पट्टी कापून दोन्ही भोकं मापात मारून दिली. चहा सांगितला. धोंडीराम चहा पीत बसले, पण त्यांचं मन एका साध्या हिशेबाभोवती फिरत होतं. सैल नट म्हणजे आठवड्याचं दुखणं. पण कान पहिल्या दिवसापासून नव्हता. मग डावं इंजिन पहिल्या दिवसापासून थोडं थोडं जोर धरत असणार. डावं इंजिन जोर धरतं म्हणजे नाक उजवीकडे फिरतं. नाक उजवीकडे फिरलं की सरळ राहायला पायलट काय करणार? डावा पाय दाबणार.

घरी आल्यावर ते थेट वर गेले. दीप्ती क्लासला गेली होती. सिम्युलेटर प्रत्येक उतरणीची नोंद ठेवायचा: वेग, उंची, दांडे कुठे, पेडल कुठे. नोंद कशी उघडायची हे दीप्तीनंच त्यांना कधीतरी दाखवलं होतं. त्यांनी चष्मा लावून गेल्या वर्षीच्या, दिल्लीला जायच्या आधीच्या महिन्यातल्या नोंदी उघडल्या. उजवा दांडा शून्य, डावा तीन. पेडल डावीकडे. दुसरी नोंद. डावा चार. पेडल डावीकडे. तीन-चारचा फरक, उतरताना नजर बाहेर धावपट्टीवर असते तेव्हा आकड्यांत तो कुणाला दिसणार नाही. पायाला मात्र दिसला होता. चाळीसेक नोंदी त्यांनी बघितल्या. त्यांच्या पेटीनं रोज थोडं थोडं करून पोरीला एक चूक शिकवली होती, आणि ती चूक घेऊन ती दिल्लीला गेली होती.

त्यांनी नवी पट्टी बसवली, येताना विकत आणलेला नवा पॉट कानासकट भोकात बसवला, दांडा झटक्यात वीस वेळा ओढला. वीसही वेळा शून्य. पेटी आता खरोखर झकास होती. खाली येऊन ते ओट्यापाशी उभे राहिले. त्यांची बायको क्रांती शाळेतून आली होती. तिनं दोनदा विचारलं, तब्येत बरी न्हाई का म्हणून. त्यांनी बरी आहे म्हणून सांगितलं. आता बोलून काय उपयोग, असं एक मन म्हणत होतं. पेटी दुरुस्त झाली, वर्ष गेलं ते गेलं, चाचणीच्या तोंडावर पोरीच्या डोक्यात कशाला काही घाला.

संध्याकाळी दीप्ती सीटवर बसली. विमान खाली आलं, दांडे झटक्यात मागे आले, दोन्हीकडे शून्य. आणि विमान सरळ डावीकडे सरकत धावपट्टीच्या कडेला गेलं.

तिनं परत केलं. परत डावीकडे. तिसऱ्यांदाही.

तिनं हात मांडीवर ठेवले. "बघितलंत? आता थ्रॉटल नीट हाय आणि तरी हे असं. दिल्लीत झालं ते हेच. ते परीक्षक बरोबर बोलले होते, पप्पा. खोट माझ्यातच हाय."

धोंडीराम दारात उभे होते. ते आत येऊन स्टुलावर बसले.

"तुझ्यात न्हाई," ते म्हणाले. "माझ्या पेटीत हाय. होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मोडलेलं ड्रिल, घासलेला कान, पुढच्या आठवड्यावर टाकलेलं काम. जुन्या नोंदी उघडून तीनचे आणि चारचे आकडे दाखवले आणि त्यांच्याखाली डावीकडे झुकलेलं पेडल दाखवलं. बोलताना त्यांनी कुठंही 'पण' घातला नाही. दीप्ती एकेक नोंद बघत गेली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"कान न्हाई हे काल. बाकीचं आज दुपारी."

"काल तुम्ही नट सैल झालाय म्हणालात."

"व्हय."

"एक वर्ष, पप्पा. मी एक वर्ष माझ्या पायांना शिव्या देतोय." घरी बोलताना दीप्ती कोल्हापूरच्या कितीतरी मुलींसारखी 'मी देतो', 'मी जातो' असंच बोलायची. "मी रोज रात्री झोपताना विचार करतो की माझ्या मेंदूतच काही वाकडं हाय का. आणि तुम्ही मागं उभं राहून म्हणायचा, जमंल."

ती उठली, गाडीची किल्ली घेतली आणि खाली गेली. गेटचा आवाज आला. क्रांतीनं खालून विचारलं, "कुठं गेली ही?" धोंडीराम खाली आले आणि बायकोलाही त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "बरं केलंत सांगितलं ते. आता तिला येऊ दे तिच्या वेळानं." आणि कणीक मळायला घेतली.

दीप्ती दीड तासानं आली. कळंबा तलावाच्या बांधावर बसून आलो, एवढंच तिनं आईला सांगितलं. जेवण झाल्यावर ताट उचलता उचलता म्हणाली, "राग अजून हाय मला. दोन-चार दिवस राहील."

"राहू दे," धोंडीराम म्हणाले.

"पण एक सांगू? माझा पाय चुकत नव्हता. समोर जे होतं त्याला तो बरोबरच उत्तर देत होता. इतका बरोबर की मलाच कळलं न्हाई." तिनं ताट ओट्यावर ठेवलं. "जो चुकीचं इतकं पक्कं शिकला, तो बरोबरही शिकेल. सतरा दिवस आहेत."

ते सतरा दिवस सोपे गेले नाहीत. पहिले पाच दिवस तिनं वाऱ्याशिवायच्या शांत हवेत, दोन्ही पाय पेडलवरून काढून फरशीवर ठेवून विमान उतरवलं, नुसतं बघायला की आता नाक आपण होऊन कुठंही जात नाही. पाय फरशीवर असूनही डाव्या पायाची बोटं आवळली जायची. तिला ते हसूही यायचं आणि चीडही. धोंडीराम शेजारी बसून दर उतरणीनंतर दोन आकडे मोठ्यानं वाचायचे. "शून्य, शून्य." तिला त्या आकड्यांवर विश्वास बसायलाच आठवडा गेला. आठव्या दिवशी तिनं पाय परत पेडलवर ठेवले आणि विमान परत डावीकडे गेलं. तिनं पेन भिंतीवर फेकलं. धोंडीराम उठून गेले नाहीत, समजूतही काढली नाही. पेन उचलून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "परत." बाराव्या दिवशी सलग सहा वेळा विमान मधल्या पांढऱ्या रेघेवर टेकलं. चौदाव्या दिवशी तिनं आडवा वारा लावून बघितलं, म्हणजे जिथं पाय खरोखर लागतो तिथं तो येतो का. आला.

राग कधी गेला ते धोंडीरामांना कळलं नाही. एके दिवशी संध्याकाळी ती खाली येऊन त्यांच्या ताटातली शेंगदाण्याची चटणी न विचारता घेऊन गेली, तेव्हा त्यांना वाटलं, गेला असावा.

चाचणीला ती एकटीच गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडीराम गिरणीत ज्वारी दळायला गेले असताना तिचा फोन आला. गिरणीच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून ते एका कानावर हात दाबून रस्त्यावर आले.

"घेतलं त्यांनी," दीप्ती म्हणाली. "आत्ताच यादी लावली. पुढच्या महिन्यापासून ट्रेनिंग."

धोंडीरामांनी शेजारच्या भिंतीला हात टेकला. "पाय?"

"पाय गप्प होता. पण उतरताना पंखांचे फ्लॅप उशिरा काढले मी. ती चूक माझी होती, तुमची न्हाई."

"मग?"

"उतरल्यावर त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगितलं. परीक्षक म्हणाले, माझ्या कागदावर लिहिलंच होतं, तुम्ही सांगता का बघत होतो."

"आईला सांगितलंस का?"

"तिचा फोन लागत न्हाई, शाळेत असंल. तुम्हीच सांगा."

ते परत आत आले तेव्हा त्यांची ज्वारी दळून झाली होती. गिरणीवाला डब्याचं तोंड फडक्यानं पुसत होता. त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "कुणाचा फोन हो?"

"पोरीचा. पास झाली."

"कितवीला हाय?"

धोंडीराम हसले. कुठून सुरुवात करावी हे त्यांना कळेना. "ती विमान चालवते," ते म्हणाले, आणि गिरणीवाल्यानं नीट ऐकायला म्हणून पट्टा बंद केला.